न सापडलेल्या पानांची यादी

दिवाळीची विक्री शनिवारी सुरू होणार होती, म्हणून गुरुवारी दुपारी मी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गोदामात गेले. काम साधंच होतं. आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर जे पान नाही ते कुणी मागितलं, की त्याची आपोआप नोंद होते. कुणी पत्ता चुकीचा टाइप करतं, कुणी दोन वर्षांपूर्वीची लिंक उघडतं, आणि समोर ‘हे पान सापडत नाही’ अशी पाटी येते, निदान आमच्याकडे पूर्वी यायची. ती पाटी बघितलेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. म्हणून मोठ्या विक्रीआधी त्या नोंदींची यादी काढायची, एकेक पत्ता योग्य पानाकडे वळवायचा आणि यादी रिकामी करायची. दोन तास, फार तर अडीच.

दुकान घोंगड्यांचं. ते मी आणि अंगदने मिळून काढलं. अंगद हंगा गावाच्या पुढच्या वस्तीवरचा, विणकरांच्या घरातला. मी नगरची, केडगावची. कॉम्प्युटर इंजिनिअर झाल्यावर पुण्यात नोकरी मिळत होती, ती मी घेतली नाही. दलाल वस्तीवरून घोंगडी उचलतो आणि विणणाऱ्याचं नाव तिथेच गाडून येतो, याची मला चीड होती. आजही आहे. आम्ही ठरवलं की आपल्या प्रत्येक घोंगडीला विणणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी शिवायची, आणि चिठ्ठीवर एक कोड. मोबाइलने तो कोड वाचला की सरळ त्या विणकराचं पान उघडेल.

“ज्याच्या हातात तुमची घोंगडी, तो सरळ तुमच्या दारात येईल,” असं मी वस्तीवर सगळ्यांना जमवून सांगितलं होतं. अंगदची चुलती रतनकाकू तेव्हा माग थांबवून म्हणाली होती, “दारात? मंग दार सारवून ठिवाया पायजे की.” सगळे हसले होते. मीही हसले होते.

श्रावणात रतनकाकू वारली. दुसऱ्याच दिवशी मी तिचं पान काढून टाकलं. जी बाई आता विणू शकत नाही तिच्या नावावर ऑर्डरी घेणं मला खोटेपणाचं वाटलं. तत्त्वाची गोष्ट होती, त्यामुळे मी थांबले नाही, कुणाला विचारलं नाही, पानाची प्रतही ठेवली नाही. एक बटण दाबलं आणि पुढच्या कामाला लागले.

दहाव्याच्या दिवशी नदीवरून अंगदचा फोन आला.

“संस्कृती, कावळा शिवंना,” तो म्हणाला. मागे बायकांची कुजबुज ऐकू येत होती. “दीड तास झाला. समद्यांनी हात जोडून बगितलं. शेळ्या सांबाळू म्हनलं, नातीला शिकवू म्हनलं. झाडावर बसून ऱ्हायलाय, खाली उतरंना. वस्तीवरले तात्या म्हनत्यात, तिचं ते मोबाइलमधलं पान… ते ऱ्हाईल का? तसं सांगू का?”

मी पुण्याच्या एका मोठ्या दुकानदाराशी बोलत बसले होते. “हो रे, सांग. राहील,” मी म्हणाले.

फोन चालूच होता. अंगदने तिकडे मोठ्याने काहीतरी म्हटलं, मग क्षणभर सगळं चिडीचूप झालं आणि एकदम गलका उठला. “शिवला, शिवला!”

पान तर नव्हतंच. पुन्हा करू, दोन दिवसांत करू, असं म्हणत राहिले. पण पान पहिल्यापासून मांडावं लागणार होतं, जुने फोटो शोधावे लागणार होते, आणि मला वेळ नव्हता. काकूच्या चिठ्ठ्या मात्र घरोघर होत्या, कोड वाचले जात होते, आणि लोकांना ‘सापडत नाही’ची पाटी दिसत होती. एक ना एक दिवस ती अंगदलाही दिसली असती. म्हणून मी एका ओळीचा नियम लिहिला. जे पान सापडणार नाही, तिथून माणसाला मुकाट दुकानाच्या पहिल्या पानावर आणून सोडायचं. पाटी नाही, खुलासा नाही; आमच्या यादीत नोंद तेवढी होत राहील. काही नाहीसं झालंय हे कुणाला कळूच नये.

अंगदला सांगितलं, “नव्या रचनेत सगळ्यांना आधी पहिलंच पान दिसतं.”

“बरं,” तो म्हणाला. पुन्हा विचारलं नाही. याला आता दोन महिने होत आले होते.

गुरुवार म्हणजे औद्योगिक वसाहतीची सुट्टी. एरवी सुप्यात दिवसभर यंत्रांची घरघर असते, ती नव्हती. महामार्गावरचे ट्रक दूर कुठेतरी घोंगावत होते. आमचं गोदाम म्हणजे पत्र्याच्या शेडमधल्या दोन खोल्या. पुढे ऑफिस, त्याला रस्त्याकडे उघडणारं शटर. मागे मालाची खोली, मध्ये एक लाकडी दार. मी शटर कमरेपर्यंत वर केलं, वाकून आत आले आणि लॅपटॉप उघडला. नेहमीचा वास होता. लोकर, डांबराच्या गोळ्या आणि घोंगडीला ताठपणा यावा म्हणून लावतात त्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास.

यादीत अठ्ठेचाळीस नोंदी होत्या. सत्तेचाळीस किरकोळ, एकदा-दोनदा मागितलेले पत्ते. पाच वाजेपर्यंत मी त्या संपवल्या.

अठ्ठेचाळिसावी रतनकाकूच्या पानाची. ती एकवीस हजार वेळा मागितलेली होती.

मला वाटलं, मोजणीत चूक असेल. तपशील उघडला. दर चार मिनिटांनी एक मागणी, दिवसरात्र, दोन महिने. मग मागणी कुठून आली ते पाहिलं. थोड्या गिऱ्हाइकांच्या सोडल्या, तर बाकी सगळ्या आमच्याच इंटरनेट-जोडणीवरून आल्या होत्या, या गोदामातून. शेवटची मागणी चार वाजून छप्पन्न मिनिटांची होती. घड्याळात पाच वाजले आणि माझ्यासमोर यादीत आणखी एक आकडा वाढला.

कुणीतरी जुना मोबाइल मागच्या खोलीत विसरलं असेल, तोच पुन्हा पुन्हा पान मागत असेल, असा मी अंदाज केला. उठले आणि मधलं दार उघडलं. आत रॅक दिसले, काळ्या-करड्या घोंगड्यांच्या चवडी दिसल्या. उंबरा ओलांडला.

मी ऑफिसात उभी होते.

समोर टेबल, त्यावर माझा लॅपटॉप, बाजूला माझी पाण्याची बाटली. पाठीमागे अर्धं उघडं शटर. बाहेरून नुकतीच आत आल्यासारखी मी उभी होते.

तंद्रीत उलटी वळले असेन म्हणून पुन्हा गेले. या वेळी दाराला खुर्ची लावली आणि एका हाताने चौकट धरून पाऊल टाकलं. डोळ्यांसमोर रॅक होता, त्यावरच्या घोंगडीच्या दशा मला मोजता आल्या असत्या. पाऊल टेकलं ते ऑफिसच्या फरशीवर. चौकट धरलेल्या हातात शटरची पट्टी होती, उन्हाने तापलेली.

मग मात्र मी शटरखालून वाकून रस्त्यावर पळाले. म्हणजे पळाले असं मला वाटलं. ताठ झाले तेव्हा मधल्या दारातून ऑफिसात येत होते आणि खुर्चीला माझा गुडघा आपटला.

किती वेळा आत-बाहेर केलं ते आठवत नाही. डोळे मिटून गेले, पाठमोरी गेले, जमिनीवर सरपटत गेले. खिडकीच्या गजांतून गाडीची किल्ली बाहेर फेकली, ती माझ्या मागे टेबलावर खणकन पडली. घड्याळ पाचच्या पुढे जात नव्हतं. शटरखालून आलेला उन्हाचा पट्टा फरशीच्या तिसऱ्या ओळीवर होता आणि तिथेच राहिला. मी ओरडले. माझा आवाज मागच्या खोलीतून माझ्याकडे आला, उशिराने, दमलेला.

मी अंगदला फोन लावला.

टेबलावरचा दुकानाचा फोन वाजला, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला साधा बटणांचा.

कापला. आईला लावला. दुकानाचाच फोन वाजला. पोलिसांना लावला. तोच वाजला. लॅपटॉपवर तो एका ओळीचा नियम काढायला गेले, तर नियमांचं पान उघडेना. कुठलाही पत्ता टाका, दुकानाचं पहिलं पान समोर यायचं, वर हसरी अक्षरं, ‘आपलं स्वागत आहे’. ती माझीच अक्षरं होती.

दुकानाचा फोन आता मी न लावताच वाजत होता. तो वाजत राहिला, वाजत राहिला… शेवटी मी उचलला.

“हॅलो…?”

खट… खट… खट… असा आवाज. मागाचा. मग तो थांबला.

“कोन हाय?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बोला की… घोंगडी बगाया आला का?”

“काकू…?”

“अगं बया. इंजिनेर बाई व्हय? मला वाटलं गिऱ्हाईक आलं.”

मी खाली बसले. “काकू… तुम्ही कुठे आहात?”

“हितंच. तुज्या म्होरं असंन.” मग ती म्हणाली, “तुला मी दिसत न्हाई न्हवं? मला बी तू दिसत न्हाईस. निस्ता खुर्ची सरकल्याला आवाज येतो. मगा वरडलीस त्ये बी आयकलं.”

माझ्या समोर फरशी होती. फक्त फरशी आणि उन्हाचा पट्टा. खळीचा वास मात्र एवढा दाट झाला होता की नाकाला ओलसर लागत होता.

“दारात बसले हुते,” ती सांगू लागली. “तू म्हनलीस लोक येतील. एक बी यीना. म्हनून बगाया बाहीर आले, तर ही खोली. माघारी घरला निगाले, तर ही खोली. वर जायाला निगाले… तिकडून बी हीच खोली. दिस बी मावळंना हितं. मी काय केलं गं तुजं?”

“काही नाही, काकू. मी केलं.”

“आसू दे. रडू नगं. आदी वाट काड.”

तेव्हा मला यादी आठवली. लॅपटॉपवरची ती खिडकी मी अजून बंद केली नव्हती. अठ्ठेचाळिसाव्या नोंदीसमोर एक छोटं बटण होतं, ‘या पत्त्यावर नवं पान करा’. ते दाबलं. पहिलं पान आलं नाही. एक कोरी चौकट उघडली.

मी फोन खांद्याशी धरून घाईघाईने लिहिलं. पूर्वीच्या पानावरचा मजकूर मला पाठ होता, कारण तो मीच रचला होता. ‘सात पिढ्यांचा वारसा. बालपणापासून मागाशी जडलेलं नातं.’ खाली नाव टाकलं, ‘प्रसिद्ध करा’ दाबलं.

आपलं स्वागत आहे.

पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा पहिलं पान. तिसऱ्यांदा चौकट उघडली ती कोरीच.

“काय लिवतीस?” काकूने विचारलं. मी वाचून दाखवलं.

ती हसली. खोकत, दम लागेपर्यंत. “कुनाच्या सात पिड्या? माज्या बापाचं बेलापुरात किराना दुकान हुतं. एवडी शिकलीस आन् इचारलंस का कदी?”

नव्हतं विचारलं. तीन वर्षांत मी तिचे चौदा फोटो काढले होते, तिच्याविषयी भाषणं केली होती, आणि एकदाही तिला काही विचारलं नव्हतं.

“सांगा,” मी म्हणाले. “मी लिहिते.”

“मालकाला दमा हुता. मागाच्या खड्ड्यात बसून लोकरीची धूळ जायाची छातीत. यक दिशी त्येंनी माग सोडला आन् बाहीर येऊन पडले. घरात पीठ न्हवतं. मी बसले खड्ड्यात. सासऱ्यानं तीन म्हैनं बोलनं टाकलं, बाई मागावर बसली म्हनून. मंग माजीच घोंगडी पांगरून झोपला.”

मी लिहीत होते. एक अक्षरही मनाचं घातलं नाही.

“आन् लिव, मला त्यो खड्डा कदी आवडला न्हाई. पाय गार पडायचे.”

“हे… हेही लिहू?”

“खरं हाय त्ये लिव की. लोकांना काय, घोंगडी गरम लागती. इनताना गारच लागतं.”

लिहिलं. मग हात थांबला. एक गोष्ट राहिली होती आणि ती मला विचारवत नव्हती. “काकू, तुम्ही… म्हणजे कोणत्या दिवशी…”

“मेले कदी? बोल की सरळ. श्रावनातला दुसरा सोमवार. उपासाची भगर खाल्ली, हात धुवाया उठले, ती पडलेच. भगर बी खारट झाली हुती त्या दिशी.” तिचा आवाज मऊ झाला. “आन् खाली लिव, हिच्याकडची घोंगडी आता मिळनार न्हाई. उगं वाट बगत्यात लोक.”

लिहिलं. बटण दाबलं.

पडदा क्षणभर पांढरा राहिला. मग वर अक्षरं आली. रतनबाई. खाली गावाचं नाव, आणि तिचे शब्द.

“आलं…” ती म्हणाली, अगदी हळू. “आलं गं, माजं दार… सारवल्यालं तसंच हाय.”

माझ्या अंगावरून काहीतरी गार, ओलसर पुढे सरकलं आणि मधल्या दाराचं लाकूड करकरलं. उन्हाचा पट्टा फरशीवरून एकदम घसरत भिंतीवर चढला, तांबडा झाला, विझत आला.

“तू बी नीग आता,” आवाज दूर जात होता. “पर जायच्या आदी त्ये… तू लिवल्यालं त्ये…”

पुढचं मी ऐकलं नाही. शटरखालून रस्ता दिसत होता, खरा रस्ता. त्यावरून एक माणूस सायकल ढकलत चालला होता. तो नियम काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी थांबले नाही. किल्ली उचलली, शटरखालून बाहेर पडले आणि वळूनही पाहिलं नाही.

बाहेर वसाहत चालू होती. शिफ्ट सुटली होती, टपरीवर चहासाठी गर्दी होती. मोबाइलवर शनिवार दाखवत होता, संध्याकाळचे सहा. मी दोन दिवस नव्हते. फोनवर कुणाचाही कॉल येऊन गेलेला नव्हता. आईचा नाही, अंगदचा नाही. कुणाला काही उणं भासलं नव्हतं, माझ्या नियमाला हवं होतं तसंच.

घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. दार वाजवलं. आईने ते साखळी लावूनच बोटभर उघडलं.

“आई, मी आहे. साखळी काढ.”

फटीतून तिचा एक डोळा दिसत होता. ती माझ्याकडे बघत राहिली, कपाळ, हात, चपला.

“हळू बोल,” ती कुजबुजली. “डोकं दुखतंय म्हणून आत्ताच आडवी झालीय ती.”

“कोण?”

“संस्कृती.”

“आई, वेडी आहेस का? मी संस्कृती. मी दोन दिवस…”

“ती दोन दिवस घरातच आहे. गुरुवारी साडेपाचलाच आली.” आईने साखळी एका हाताने धरून ठेवली. “काल माझ्या पायांना तेल लावता लावता म्हणाली, माझ्यासारखीच कुणीतरी येईल. तुला आई म्हणेल. दार उघडू नकोस.”

मी साखळीत बोटं घातली. आईने दार लोटलं नाही. ती आत गेली, परत आली, आणि फटीतून फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकरी बाहेर सरकवल्या. भाकरी गरम होत्या. तिची बोटं माझ्या बोटांना लागली आणि तिथेच थांबली, सोडवेना तिला.

“आई… नीट बघ ना माझ्याकडे.”

तिच्या डोळ्यात पाणी आलं. ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून माझ्याच आवाजात, मी नेहमी विचारते तसं घाईघाईने, कुणीतरी विचारलं,

“आई, गेली का ती?”